वडिलांच्या ऑपरेशनला भावाचंच रक्त दिलं तर तपासणी टळेल का?

मडगावात ऑपरेशन, भाऊ रक्त द्यायला तयार, 'घरचंच आहे तर पाच मिनिटांची पट्टी लावून लगेच देतील का' असा तुमचा प्रश्न. नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया या चाचण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, दाता कोणीही असो.

पट्टीचं, म्हणजे झटपट रॅपिड चाचणीचं, नाव काढलं की माझं डोकं फिरतं. एलायझाला (रक्तातली संसर्गाची खूण रंगावरून ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी) दोन-तीन तास लागतात ते कोणाच्या आळसामुळे नव्हे. 96 खळग्यांची प्लेट, मोजून घातलेला सीरम, 37 अंशांवर ठेवणं, धुणं, कॉन्ज्युगेट (रंग आणणारं एन्झाइम जोडलेलं द्रव्य), पुन्हा ठेवणं, पुन्हा धुणं, रंग, आम्ल घालून थांबवणं आणि 450 नॅनोमीटरवर वाचन. घोळ होतो तो बहुधा धुण्यात. वॉशरची एक सुई तुंबली की त्या खळग्यात कॉन्ज्युगेट उरतं आणि धडधाकट माणूस संसर्ग असल्यासारखा, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह दिसतो. रक्त पुरतं गोठायच्या आत सेंट्रिफ्यूजला लावलं तर फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) धागेही तेच करतात. कॉन्ज्युगेट घालायचं राहिलं तर सगळेच निगेटिव्ह! ते पकडतो पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पॉझिटिव्ह असल्याचं आधीच ठाऊक असलेला नमुना. कंट्रोल बसले नाहीत तर अख्खी प्लेट बाद. शिवाय एका पिशवीसाठी कोणी प्लेट लावत नाही, दिवसभराच्या पिशव्या एकत्र लागतात.

एवढं करूनही फट राहतेच. संसर्गानंतर एचआयव्ही एलायझात दिसायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी यायला दोन महिनेही. नॅट चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) हा काळ कमी करते, शून्य करत नाही, आणि आपल्याकडे ती सक्तीची नाही. त्या फटीत कामाला येतं ते दात्याच्या फॉर्मवर धोक्याच्या वागण्याबद्दल दिलेलं खरं उत्तर. वहिनी शेजारी उभी असताना ते कोण देतो? 'आपल्या माणसाचं रक्त चांगलं' म्हणणाऱ्यांना हे पटत नाही, पण शिबिरात दरवर्षी आपणहून येणारा अनोळखी माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

रात्री-अपरात्री जीव वाचवायचा असेल आणि रक्तपेढी लहान असेल तर रॅपिड वापरतात, ते मान्य. ठरलेल्या ऑपरेशनला नको.

आणि हो, तुमचा भाऊ म्हणजे वडिलांचा मुलगा. इतक्या जवळच्या नात्यातलं रक्त द्यायचंच तर आधी त्या पिशवीला किमान 25 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) किरणोत्सर्ग द्यावा लागतो. नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर रुग्ण सहसा वाचत नाही. भावाची बाटली पेढीत जमा करा, वडिलांना दुसऱ्याची लागू दे. क्रॉसमॅचचा (रक्त जुळतं का ते पाहण्याचा) वडिलांचा नमुना मात्र वेळेत पोचवा.