वडील ‘मगर’वर होते, मग लढाईत नव्हते कसे?

प्रश्न : माझे वडील नौदलात ‘आयएनएस मगर’वर होते. 1971 च्या लढाईत ते पूर्वेकडं गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक. या विषयावर ते फारसं बोलत नसत. आता ते नाहीत. भाऊबंदांत विषय निघाला की चुलते म्हणतात, “अण्णा कसले लढाईत, ते तर माल वाहायच्या बोटीवर होते.” आईला हे फार लागतं. खरं काय आणि कागद कुठं मिळतील?
– एक भगिनी, विटा (जि. सांगली)

उत्तर : ताई, माझे वडील ‘घडियाल’वर होते आणि आमचं गाव खटाव तालुक्यातलं. सातारा जिल्ह्यात घरोघरी पलटणीतली माणसं. त्यांच्यात बसलेल्या नेव्हीवाल्याला काय ऐकावं लागतं, ते मी लहानपणापासून पाहिलंय. म्हणून आधी चुलत्यांच्या बोलण्याचं.

‘मगर’ ही माल वाहायची बोट नव्हती. रणगाडे आणि फौज थेट किनाऱ्यावर उतरवणारं ते लढाऊ जहाज. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धासाठी बांधायला घेतलेलं, 1949 साली आपल्याकडं आलेलं. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ त्याच कामाची, पण लहान. ती 1966 साली पोलंडहून आली. बाकीची जहाजं वाळूला लागू नयेत म्हणून जपतात, ही मुद्दाम वाळूत घुसवायची. त्यासाठी तळ सपाट, आणि तळ सपाट म्हणून भर समुद्रात जहाज असं डोलायचं की जुन्या खलाशालाही जेवण जात नसे. किनारा जवळ आला की टाक्यांतलं पाणी उपसून जहाज हलकं करायचं, मागचा नांगर आधीच सोडून ठेवायचा, नाक रुतलं की पुढची दारं उघडून रॅम्प खाली. परतताना त्याच नांगराची तार विंचवर, म्हणजे तार ओढून गुंडाळणाऱ्या यंत्रावर, गुंडाळत जहाज मागं ओढून घ्यायचं. रुतलेलं असेपर्यंत ते जागचं हलत नाही. समोर शत्रू असेल तर याहून सोपं निशाण कुठलं?

माझे वडील त्या विंचवर असत. ताणलेली तार तुटली तर माणूस कापला जातो, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की आमच्या विहिरीतली मोटार साखळीनं वर काढतानाही ते ओरडायचे, “सरळ रेषेत कुणी उभं राहू नका, मागं सरा!” बाहेरच्यांना वाटे, म्हातारा उगाच घाबरतो.

आता 1971. डिसेंबरच्या मध्यावर पाकिस्तानी सैन्यानं ब्रह्मदेशात पळून जाऊ नये म्हणून कॉक्स बाजारजवळ उखियाच्या किनाऱ्यावर गुरखा जवान उतरवायचं ठरलं. या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन बीव्हर’. ‘मगर’, ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ त्यात होती. जहाज अडलं ते किनाऱ्याच्या अलीकडं, वाळूच्या दांड्यावर. आणि दांड्याच्या पुढं पाणी खोल. पाठीवरच्या ओझ्यासह उतरलेल्यांतले काही जवान त्यात बुडाले. माझे वडील एवढंच म्हणायचे, “पोरं पाण्यात गेली.” पुढं विचारलं की उठून गोठ्यात जायचे. तुमच्या वडिलांचं न बोलणं मला तरी नवं वाटत नाही.

अर्थात त्या महिन्यात ते ‘मगर’वरच होते का, ते कागदावरूनच पक्कं होईल. घरात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद शोधा, त्यावर त्यांचा नौदलातला नंबर असेल. तो घालून आईंच्या सहीनं ‘ब्यूरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प, मानखुर्द, मुंबई’ इथं अर्ज करा आणि कोणकोणत्या जहाजावर कधी ड्राफ्ट, म्हणजे नेमणूक झाली, याच्या तारखा मागा. अर्ज लिहायला सांगलीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. ट्रंकेत पदकं असतील तर तीही पाहा : ‘पूर्वी स्टार’ पूर्व आघाडीसाठीच दिला गेला. नेटवर ‘मगर’चा फोटो शोधाल तर जपून. 1987 साली त्याच नावाचं नवं जहाज दाखल झालं. ते तुमच्या वडिलांचं नव्हे.

कागद यायला वेळ लागेल. तोवर आईंना विचारत राहा : पत्र कुठून यायची, सुट्टीवर आले की झोपत कसे, कशावर चिडत. आणि ते लिहून ठेवा, कारण यातलं काहीच मानखुर्दला मिळणार नाही. उत्तर आलं की चुलत्यांना घरी बोलवा आणि आईंच्या समोर मोठ्यानं वाचून दाखवा.