पुण्यातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं वीजबिल कमी करायचंय, आधी सोलर बसवावं का?

नाही, आधी पंखे बदला आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारा. एनर्जी ऑडिटचंच (इमारतीत वीज कुठे किती जाते ते तपासायचं) काम करतो म्हणून सांगतो, जुना सीलिंग फॅन साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास आणि वाचनालयात पंखे दिवसभर चालूच असतात त्यामुळे फरक बिलात दिसतो. एप्रिल-मेमध्ये वरचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तव्यासारखा तापलेला असतो, पांढऱ्या रंगाने तो बराच कमी तापतो आणि एसीची गरजही कमी पडते (लावलाच तर २४ वर). वापर उतरला की सोलरही छोटं पुरतं, किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर गच्ची धरा, सोलरच्या उद्घाटनाचा फोटो काय, नंतरही काढता येतो. फक्त गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, नाहीतर पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतील.