पंचवीस किका आणि एक स्लो जेट

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: जुनी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेली) गाडी किकला दाद देत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनवर (पेट्रोल मोजून फवारणाऱ्या यंत्रणेवर) गेल्या. पण गोव्यात पडवीत, माडाखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि पावसाळा सरला की त्या रुसतात.

प्रश्न (पेडणे): वडिलांची १९९९ ची स्प्लेंडर जूनपासून पडवीत उभी होती. चवथीला काढली तर पंचवीस-तीस किका मारूनही सुरू होत नाही. ढकलून सुरू होते, पण रेस सोडली की बंद. मेकॅनिक कार्बोरेटर बदलायला सांगतो. बदलू का?

नका बदलू. ‘रेस सोडली की बंद’ यातच अर्धं उत्तर आहे. रेस दिल्यावर पेट्रोल कार्बोरेटरमधल्या मेन जेटमधून, म्हणजे मोठ्या भोकाच्या नळीतून येतं. सुरू होताना आणि मंद चालताना ते स्लो जेटमधून येतं. या स्लो जेटचं भोक इतकं बारीक असतं की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. गाडी तीन महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर साका राहतो. तो नेमका तिथे बसतो.

त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे अर्ध्या भरलेल्या टाकीची काय कथा! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि कॉक (टाकीखालची तोटी) पेट्रोल घेतो तो तळाकडूनच.

आधी कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून येईल ते पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा आणि पाच मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे घरंगळणारे थेंब दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. मग स्लो जेट काढून कार्ब क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करून घ्या. आत टाचणी मात्र घालू देऊ नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पुढच्या वर्षी गाडी उभी करून ठेवण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी कोरडी राहिली तर साका धरणार कशावर?

प्रश्न (मोरजी): माझी गाडी रोज चालते, पण पावसाळी सकाळी हमखास त्रास देते. दुपारी ऊन पडलं की एका किकेत सुरू.

तुमचं पेट्रोल ठीक आहे, करंट गळतोय. समुद्राकाठची खारी हवा आधी स्पार्क प्लगच्या टोपीत शिरते. टोपी वायरवरून फिरवून काढा. आतली तांब्याची तार हिरवट पडलेली दिसली तर वायर टोकाला अर्धा सेंटीमीटर कापून टोपी पुन्हा बसवा. टोपीचं रबर तडकलं असेल तर नवी टोपी घ्या, किंमत फार नसते. ठिणगी बघायची असेल तर प्लग खोलून टोपीत लावा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, मरतुकडी नको.

प्रश्न (साखळी): सकाळी गाडी लगेच सुरू होते. पण चोर्ला घाट चढून चहाला थांबलो की अर्धा तास सुरू होत नाही. दोन कार्बोरेटर बदलून झाले.

दोन! मला निदान एक तरी वाचवता आला असता. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर हट्टी, अशी गाडी आली की मी आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) उघडणाऱ्या भागातली बारीक फट बघतो. टॅपेट घट्ट असला, म्हणजे फट कमी असली, तर तापून वाढलेला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, तिथून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निघून जातं आणि किक हलकी लागते. तुमची किक गरम असताना हलकी लागते का? लागत असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचे, टॅपेट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावून घ्या. कानाने लावणारे मेकॅनिक असतात. मी त्यांच्याकडे जात नाही. किक नेहमीसारखी जड असेल तर गरम गाडीतच ठिणगी तपासा. ठिणगीला करंट पुरवणाऱ्या काही इग्निशन कॉइल तापल्या की दम सोडतात.

प्रश्न (फोंडा): इंजिन तापल्यावरही चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी कळ) ओढल्याशिवाय गाडी चालत नाही.

कुठून तरी जादा हवा शिरतेय किंवा स्लो जेट अर्धवट बुजलाय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून बघा, तडे बहुधा खालच्या बाजूला असतात.

प्रश्न (वाळपई): पॉइंटवाली जुनी बुलेट. किक उलटी बसते, पोटरी काळीनिळी झाली आहे.

आधी पॉइंटची, म्हणजे उघडले की ठिणगी पडते त्या संपर्कांची, फट मोजा, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी वेळेआधी पडते आणि पिस्टन वर पोचण्याआधीच मागे रेटला जातो. ती लाथ तुमच्या पोटरीला बसते. फट बरोबर असूनही लाथ बसत असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासून घ्या.

दुसरं किक मारण्याबद्दल. चावी लावा, किक हळूहळू दाबत न्या. ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा मध्यावर आला की थांबा. डीकॉम्प्रेसर (दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक किंचित पुढे सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण, सरळ किक. अर्धवट किक मारली की ती उलटलीच म्हणून समजा. आणि चपला घालून बुलेटला किक मारू नका; माझ्या अंगठ्याचं नख गेलं ते असंच.