पाच-सातचं संगीत मंचावर नेताना

तुमची अडचण अशी की तुमच्या लॅपटॉपवरच्या इलेक्ट्रॉनिक रचनेत चाळीस ट्रॅक (वेगवेगळ्या आवाजांचे थर) आहेत, पाच आणि सात मात्रांची आवर्तनं एकत्र फिरतात, आणि खानापूरच्या कार्यक्रमानंतर लोक म्हणाले, "हा नुसती बटणं दाबतोय." हे किती लागतं ते मला माहीत आहे. टिळकवाडीतल्या माझ्या पहिल्या कार्यक्रमात मी पाऊण तास स्क्रीनमध्ये बघत वाजवलं आणि निम्मे लोक मधेच उठून गेले. संगीत अवघड होतं म्हणून ते गेले असं मला वाटत नाही. त्यात शिरायला मी कुठे जागाच ठेवली नव्हती.

आपल्या भागातला श्रोता तालाला कच्चा नाही. सप्ताहातली भजनं ऐकत वाढलेल्या माणसाला सम सांगावी लागत नाही. तीच त्याच्या हाती द्या. पाच आणि सात यांची सम 35 मात्रांनी जुळते. 120 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत, साडेसतरा सेकंद. बेस येणं, ड्रम थांबणं, सूर बदलणं, मोठं जे काही असेल ते तिथेच घडू द्या. आधी नुसतं पाचाचं आवर्तन ऐकवा, ते कानात बसलं की सातचं सोडा. तीन-चार वेळा सम आली की लोक तिची वाट बघायला लागतात, माना हलतात. त्यानंतर तुम्ही कितीही गुंतागुंत करा, ते सोबत येतात.

चाळीस ट्रॅक मंचावर नेऊ नका. सहा-सात स्टेम (अनेक ट्रॅक एकत्र करून केलेल्या फाइली) काढून एबलटन या सॉफ्टवेअरच्या सेशन व्ह्यूमध्ये, म्हणजे तुकडे हवे तेव्हा सुरू करता येतात त्या पडद्यावर, लावा, आणि एक भाग मात्र खरोखर हातानं वाजवा. मी बोटांनी वाजवायच्या पॅडवर ताल वाजवतो. हे पॅड ज्यावर असतात तो कंट्रोलर लोकांकडे कलता ठेवतो, म्हणजे बोट पडलेलं दिसतं आणि त्याच क्षणी आवाज ऐकू येतो. त्यासाठी बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, 128 सॅम्पलचा हवा. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार सॅम्पलना, तो 2.7 मिलिसेकंद होतो. 512 वर गेलात तर एकट्या बफरचेच 10 मिलिसेकंद उलटतात आणि बोटाला उशीर जाणवतो. लॅपटॉप दमत असेल तर जड सिंथ (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) आधीच फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवा. आवाजाचा काही भाग कापणारा फिल्टर फिरवायचा तर सावकाश, पण पूर्ण बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत; चिमूटभर बदल मागच्या रांगेला कळत नाही.

तालमीला गावातल्या एखाद्या मृदंगवाल्या काकांना बसवा आणि समेवर टाळी द्यायला सांगा. त्यांची टाळी चुकली ती जागा पुन्हा मांडा.

आणि मंडपातली वीज. चार्जर लावला की 50 हर्ट्झची घरघर येत असेल तर डीआय बॉक्सचा (लॅपटॉपचा आवाज साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या पेटीचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे त्या जोडणीतलं ग्राउंड तोडणारं बटण, वापरा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल. गावाकडच्या सिस्टीम मला बहुतेक वेळा मोनोच, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून देणाऱ्या, मिळाल्या आहेत. स्टिरिओत पसरलेले लांब सुरांचे आवाज (यांनाही पॅडच म्हणतात) तिथे विरून जातात, म्हणून निघण्याआधी सगळे स्टेम मोनोत ऐकून घ्या.