लिनक्सवर न चालणाऱ्या जुन्या स्कॅनरसाठी स्वतः ड्रायव्हर लिहिता येतो का?

होय, येतो. फोंड्याच्या तुमच्या नाट्यमंडळाकडे जत्रेतल्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत, देणगीतला फ्लॅटबेड स्कॅनर लिनक्सवर चालत नाही आणि सी भाषा तुम्हाला येते, असं तुम्ही लिहिलंय. पणजीत मी असाच एक स्कॅनर चालता केला, म्हणून खात्रीने सांगतो.

आधी आतली चिप शोधा. झाकणावर नाव एका कंपनीचं आणि आत चिप दुसरीची, हे नेहमीचंच. कॅननचा लाइड १०० जेनेसिस लॉजिकच्या जीएल८४७ चिपवर चालतो, लाइड ११० मात्र जीएल१२४ वर. लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या 'सेन' (SANE) या मुक्त प्रकल्पाची 'सेन-फाइंड-स्कॅनर' ही आज्ञा पुष्कळदा चिपचं नाव सांगते. नाही सांगितलं तर स्क्रू काढून बोर्डवर वाचा. चिप ओळखीची निघाली तर नवा ड्रायव्हर लिहूच नका. 'सेन' प्रकल्पातल्या त्या चिपच्या बॅकएंडमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या तयार ड्रायव्हरमध्ये, आपलं मॉडेल जोडा, निम्म्याहून जास्त काम तिथे झालेलं असतं.

मग व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज आणि कंपनीचा मूळ ड्रायव्हर टाका, स्कॅनर त्याला जोडून द्या आणि लिनक्सच्या बाजूने यूएसबीमॉन व वायरशार्क ही यूएसबीवरचे बाइट टिपणारी साधनं लावून ड्रायव्हर आणि स्कॅनरमधलं सगळं संभाषण टिपा. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी ७५ डीपीआय (दर इंचाला इतके बिंदू), मग १५०, मग रंगाऐवजी करडा. दोन नोंदींमध्ये जे बाइट बदलले, तिथेच अर्थ सापडतो. आणि हो, वह्यांचं स्कॅनिंग याच विंडोजमधून आजच सुरू करा. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, वह्यांनी ड्रायव्हरची वाट बघत बसू नये.

चित्र दिसायला लागतं, तेव्हा खरं काम सुरू होतं. सेन्सरचा प्रत्येक बिंदू प्रकाश थोडा वेगळा मोजतो, त्यामुळे पहिल्या स्कॅनवर उभे पट्टे येतात. काचेच्या कडेला, वरून न दिसणारी एक पांढरी पट्टी असते. ती वाचून, शिवाय दिवा बंद ठेवून काळ्याचं माप घेऊन, प्रत्येक बिंदूची दुरुस्ती काढायची. इथे घाई करू नका. पिवळ्या पडलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या रंगमंचाच्या सूचना याच टप्प्यावर टिकतात किंवा पुसल्या जातात.

मोटरला वेग टप्प्याटप्प्याने चढवावा लागतो, त्याचा तक्ता मूळ नोंदीतूनच घ्या. पहिल्या चाचण्यांत केबल हातात धरून बसा. काचेखाली सेन्सर घेऊन सरकणारी गाडी कडेला आपटून गिअरचे दात घासल्याचा आवाज आला की केबल लगेच उपटा.

३०० डीपीआयवर ए४ पान रंगीत, स्वच्छ आलं की बदल गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सेनच्या प्रकल्पात मर्ज रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याची विनंती) म्हणून पाठवा. कुठले डीपीआय तपासले, कुठले नाहीत, ते स्पष्ट लिहा आणि यूएसबीच्या नोंदीही जपून ठेवा. तपासणारे त्या मागतात.