नारिंगी पाटी खरी की खोटी?

(उत्तरं देतोय रेल्वेच्या बांधकाम खात्यातला एक निवृत्त पेंटर)

प्रश्न : माझा पुतण्या यॉर्कला शिकतो. तिथल्या जुन्या बाजारात त्याला ‘माल्टन’ स्टेशनच्या नावाची लोखंडी पाटी दिसली. नारिंगी रंग, वर पांढरी अक्षरं. त्याला ती घ्यायचीय, पण शेजारचा दुकानदार म्हणतो, ब्रिटिश रेल्वेच्या पाट्या मरून असत, ही नकली आहे. खरं काय? आणि आपल्याकडे सगळ्या पाट्या पिवळ्याच का?
– एक वाचक, कुर्डुवाडी

उत्तर : निव्वळ रंगावरून ती पाटी मोडीत काढू नका. माल्टन हे यॉर्क–स्कारबरो मार्गावरचं स्टेशन, आणि त्या भागाचा रंग नारिंगीच होता.

1 जानेवारी 1948 ला तिथल्या चार मोठ्या कंपन्या सरकारजमा झाल्या आणि रेल्वेचे सहा विभाग पडले. प्रत्येक विभागाच्या पाट्यांना वेगळा रंग. वेस्टर्नचा चॉकलेटी, कारण जुन्या ग्रेट वेस्टर्नचे डबेच चॉकलेटी आणि सायीच्या रंगाचे. सदर्नचा हिरवा, तोही जुन्या कंपनीचाच. लंडन मिडलंडचा मरून, स्कॉटलंडचा फिका निळा. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न कंपनीचा इंग्लंडातला मुलूख मात्र दोघांत वाटला गेला : ईस्टर्नला गडद निळा मिळाला, यॉर्ककडच्या नॉर्थ ईस्टर्नला नारिंगी. नागपुरी संत्र्याची साल शेजारी धरा, साधारण तोच. तेव्हा दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये. मँचेस्टरकडे वाढला असेल तर त्याने आयुष्यभर मरूनच पाहिला असणार.

पेंटर म्हणून माझं मत विचाराल तर नारिंगीवर पांढरं अक्षर उठत नाही. गडद निळ्यावर कसं ठसठशीत दिसतं! पण रंग ठरवताना पेंटरला कोण विचारतो? 1965 नंतर तिकडे सगळीकडे पांढऱ्यावर काळी अक्षरं आली, आणि 1967 मध्ये नॉर्थ ईस्टर्न विभागच ईस्टर्नमध्ये विलीन झाला. त्यामुळे नारिंगीचं राज्य वीसेक वर्षांचं.

आता खरी-खोटी कशी ओळखायची. फलाटावरच्या छोट्या पाटीचा आकार वाटोळ्या चकतीवर आडवी पट्टी ठेवल्यासारखा असतो, लांबी साधारण 3 फूट. हा ब्रशने दिलेला रंग नव्हे. पोलादी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून चढवतात, आपल्या जुन्या इनॅमलच्या थाळीसारखी. म्हणून पुतण्याला म्हणावं, टवका उडालेली जागा शोध. खऱ्या इनॅमलचा टवका काचेसारखा उडतो आणि खाली काळपट अस्तर किंवा गंजलेला पत्रा दिसतो. नखाने पापुद्रा सुटत असेल तर तो तेलरंग, सरळ पुढे चालू लागायचं. स्क्रूच्या भोकांभोवती गंज हवा. मागची बाजूही बघायची. बऱ्याच पाट्यांची कड मागे मुडपलेली असते. एवढं जुळलं तरी शंभर टक्के खात्री फोटोवरून मी देणार नाही.

आपल्याकडे म्हणाल तर विभाग पडले 1951 पासून. आपली मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्ही त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला झाल्या. पण पाटीचा रंग विभागाप्रमाणे बदलला नाही. पिवळ्यावर काळं लांबून, धुक्यात, पावसातसुद्धा वाचता येतं, आणि फलाटाच्या टोकाची ती मोठी पाटी उतारूइतकीच ड्रायव्हरसाठी असते. खंडाळ्याला मी ती रंगवलीय. घाटातला पाऊस उघडल्यावर आधी शेवाळ खरवडायचं, भेगांत लांबी (पुट्टी) भरायची, मग पिवळ्याचे दोन हात. सूत मारून शिरोरेघ आखायची आणि शेवटी काळं. सगळ्यात छळतो तो ‘ळ’. त्याचे दोन्ही डोळे सारखे आले नाहीत तर पाटी चकणी दिसते. एकदा ठेकेदाराने लिंबोणी पिवळा पाठवला. पाटी तर सरबतासारखी दिसायला लागलीच, वर चार महिन्यांत विटली. पुन्हा सगळं खरवडणं आलं.

प्रश्न : महायुद्धात इंग्लंडमधल्या स्टेशनांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या म्हणतात. खरं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : खरं. 1940 मध्ये जर्मन सैन्य उतरेल या धास्तीने नावं काढली किंवा झाकली, रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्याही उतरवल्या. उतरायचं कुठे ते उतारूंना कळेना, मग पोर्टर फलाटावरून नावं ओरडत.

आणि कुर्डुवाडीकर, पाटी घेतलीच तर सामानात घडी केलेल्या रजईत गुंडाळून आणायला सांगा. कोपरा आपटला की टवका उडालाच, आणि तिथे तेलरंगाने डागडुजी करायला माझ्याकडे आणू नका.