करमतंय का?

दिवाळीपासून हाच प्रश्न घेऊन आलेली ही चौथी आई. "मॅडम, पोरगी फोनवर रडूलालीय. तिकडं करमंना म्हणती. बोलवून घ्यावं का?"

लातूरला समुपदेशन करताना हे वाक्य मी पूर्वी पुण्याच्या नाहीतर कोट्याच्या होस्टेलबद्दल ऐकायचे. आता गाव जर्मनीतलं असतं. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि पुढं आमच्या गल्लीतसुद्धा जर्मनच्या क्लासची पाटी लागली. काही मुलं थेट नोकरीला न जाता आधी 'एफएसजे' करतात, म्हणजे सामाजिक सेवेचं एक वर्ष. वयाची अट 27 च्या आतली. काम बहुधा वृद्धाश्रमात, दवाखान्यात नाहीतर अपंग मुलांच्या संस्थेत. हातखर्चाला पैसे मिळतात, पगार नाही. हे आईबापांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, पण तो वेगळा विषय.

या चौथ्या आईची लेक स्नेहल (नाव अर्थातच बदललंय) औशाजवळच्या खेड्यातली. घरी सोयाबीन, दोन म्हशी, दारात कायम माणसांचा राबता. ती पोहोचली स्वाबियन डोंगरातल्या एका लहान गावात, वृद्धाश्रमात. सकाळी नाश्त्याचे ट्रे लावायचे, आजोबांना वॉकर धरून बागेत न्यायचं, तीनच्या सुमाराला कॉफी आणि केक वाढायचा, मग सोंगट्यांचा एक खेळ खेळायचा. तो आपल्या पच्चीसीचाच जर्मन अवतार, आणि त्याचं नाव काय, तर 'माणसा, चिडू नकोस'! माझ्या धंद्याचं ब्रीदवाक्य त्यांनी खेळाच्या खोक्यावर छापून ठेवलंय.

कामाची तिची तक्रार नव्हतीच. "मॅडम, इथं कुणी विचारतच नाही. बसमध्ये नमस्कार करतात अन् खिडकीबाहेर बघतात. रविवारी तर दुकानंसुद्धा बंद. मी मेले तरी सोमवारी कळेल."

सुरुवातीला मीही चुकले. तिला रोजची वही लिहायला लावली, कोण तिच्याशी चांगलं वागलं त्याची. आचाऱ्यानं बिनमांसाचं ताट बाजूला ठेवलं, ड्रायव्हरनं तिच्यासाठी बस अर्धा मिनिट थांबवली, असं बरंच निघालं. पोरगी खुलली. मला वाटलं, झालं काम. आठवड्यानं बस थांबली नाही, आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्या पायरीवर.

मग जिन्याची गोष्ट घडली. त्या भागात बऱ्याच इमारतींत भाडेकरूंनी पाळीपाळीनं जिना झाडायचा असतो. ज्याची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. आठवडा झाला की ती आपण शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. नाव 'केरवोखं'. केर त्यांचाही केरच, हे ऐकून मला फार गंमत वाटली. तर स्नेहलनं जिना झाडला, आणि तासाभरात खालच्या मजल्यावरच्या आजी झाडू घेऊन आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी तोच जिना कोपऱ्यांसकट पुन्हा झाडला.

"मी त्यांना नकोच आहे," ती म्हणाली. दोन दिवस जेवली नव्हती.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, अगं, त्या शिकवत असतील तुला. तो मोह या वेळी आवरला.

"समज, खरंच नको असशील. मग?"

कॅमेऱ्यात तिचा चेहरा स्थिर झाला, मला वाटलं नेट गेलं.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या आजींना तू आवडत नाहीस. धरून चालू. उद्या काय बदलेल?"

बराच वेळ गेला. मी मुद्दाम गप्प राहिले. हे गप्प राहणं शिकायला मला दहा वर्षं लागली. मग ती हळूच म्हणाली, "काही नाही. सोमवारी पाटी तर त्यांच्याच दाराला लावायचीय." आणि हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"औशाला रस्त्यानं निघालीस की काय व्हायचं?"

"दहा जण विचारायचे, कुठं निघालीस गं."

"आवडायचं?"

"डोकं उठायचं, मॅडम!"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं 1955 साली मांडलेली मानसोपचाराची विवेकनिष्ठ पद्धत मी मानते, ती याच जागेसाठी. लोकांनी विचारलं तर बरं वाटतं, हे खरंच आहे. 'विचारलंच पाहिजे' म्हटलं की त्या 'च'पाशी रडू सुरू होतं. लोक चांगले आहेत असं पटवून देणं सोपं असतं, पण ते टिकतं पुढची बस चुकेपर्यंत.

अर्धी गाठ मात्र लातूरकडच्या टोकाला होती. आई रोज जेवणं उरकून नऊला फोन करायची. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. म्हणजे तिथं साडेचार, आणि डिसेंबरात त्या भागात सूर्य मावळतो तो नेमका त्याच सुमाराला. रोज कातरवेळेला, कामावरून थकून आल्या आल्या पहिला प्रश्न: "करमतंय का गं?" दिवसभर विसरलेली पोरगी त्या प्रश्नानं आत डोकावून बघायची, आणि बघितलं की भरून यायचं.

मी आईला म्हटलं, "ताई, फोन दुपारी साडेबाराला करा. ती तेव्हा आवरून निघत असते, सकाळचे आठ. आणि 'करमतंय का' हा शब्द महिनाभर काढायचा नाही."

"मग विचारू काय?"

"आज काय करणार, काल काय केलंस, एवढंच."

त्यांना ते कोरडं वाटलं. बहुतेक आयांना वाटतं.

बोलवून घ्यावं का, याचं उत्तरही देऊन टाकते. रडणं हे तिकीट काढायचं कारण नव्हे. पहिल्या हिवाळ्यात बरीच मुलं रडतात. पण सलग दोन आठवडे झोप आणि भूक गेली असेल, कामावर उठवत नसेल, तर संस्थेतल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीशी त्याच आठवड्यात बोलायला सांगा. काही वेळा कामाची जागा बदलून मिळते, वर्ष मध्येच सोडताही येतं. आणि 'जगावंसं वाटत नाही' असं कानावर पडलं, तर वाट बघू नका. तिकडं तातडीचा नंबर 112 आहे, इकडं सल्ल्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416. अशा वेळी लेकरू परत आलं तर गावाला काय सांगायचं, हा विचार बाजूला ठेवा. हे मी बापांना जरा जास्तच जोरात सांगते.

फेब्रुवारीत आई पुन्हा आल्या, पेढे घेऊन. म्हणाल्या, सांगितल्याप्रमाणं विचारलं, काल काय केलंस. पोरगी म्हणाली, जिना झाडला, आजी कोपरे बघून गेली, काही बोलली नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, आन् सडा कुनी टाकायचा?"